दर्पाचा पाट

त्या मुलखात उजेड कधीच नव्हता, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. वरून ओली वैरण पडायची. ठरावीक वेळानं सगळा मुलूख भिंतींसकट घुसळून निघायचा, आणि काळ मोजायचा तोही या घुसळणींवर. तळाला एक दार होतं. त्यातून गेलेलं कुणी परत आलं नव्हतं.

तिथे काडकरी राहायचे. दगडासारखी काडी फोडावी तर त्यांनीच. काडी फुटली की रस सुटे, आणि त्या रसावर अख्खा मुलूख जगे. त्यामुळे काडकऱ्यांची मान जरा ताठच. वरच्या अंगाला पेंडकरी. ते पेंड खायचे आणि खाऊन उरलेला घाण रेंदा पाण्यात सोडायचे. ते पाणी पाटानं थेट काडकऱ्यांच्या आळीतून जायचं. वास असा, की नवखा माणूस आल्या पावली उलटा फिरेल.

पेंडकऱ्यांतले खवटकाका पाटाची राखण करायचे. ते आळीत आले की बाया पोरांना मागे ओढायच्या. "सर बाजूला, अंगाला लागेल!"

"अंगाला नाही गं, अंगी लागतं," काका म्हणायचे. ऐकतंय कोण?

धसकट नावाचा एक काडकरी होता. हात कामसू, पण तोंड वाह्यात. एकदा त्यानं काकांना भर आळीत अडवलं.

"काका, तुमचा वास मघाशीच येऊन गेला. तुम्ही कशाला तसदी घेतलीत?"

आळी खदखदून हसली. काकांनी आजवर असलं पुष्कळ गिळलं होतं. या खेपेला घशाखाली उतरेना.

"एवढं नाक वर आहे ना, मग पाच घुसळणी राहून दाखव आमच्या पाण्यावाचून."

"पाच? दहा राहतो!"

"पाचच म्हटलंय. लावतोस पैज?"

"लावली!"

आळी हसत पांगली. कुणी ते मनावर घेतलं नाही. धसकटानं घेतलं. सगळे कामाला लागल्यावर त्यानं चघळलेल्या पाल्याचा एक मोठा बोळा केला आणि पाटाच्या तोंडात दाबून बसवला.

पहिली घुसळण मजेत गेली. "सुटलो बाई एकदाचे!" म्हणत कडबाआत्यानं मोठा श्वास घेतला. आळीत काडी फोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धसकट मनात फुशारला.

तिसऱ्या घुसळणीला आत्याच्या हातातली काडी फुटेना. तीच काडी, तेच दात. "काडीच खराब आलीय," ती म्हणाली. शेजारी म्हणाले, आमचीही. आळी वाढायची ती एकाचे दोन होऊन; मग तेही थांबलं. थकलेला गळून पडायचा आणि त्याची जागा रिकामीच राहायची. न फुटलेली वैरण छताला टेकली. चौथी घुसळण उशिरा आली, तीही अर्धीच. मग बाहेरून भिंतीवर कुणीतरी तळहात टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही. भिंतीपल्याडून दबका आवाज आला, "गाईचं पोट हलतच नाहीये."

पाचवी आली नावाला. धसकट पैज जिंकला होता. तो धावत पाटाकडे गेला. बोळा पाण्यानं टम्म फुगून घट्ट बसला होता. त्यानं कोपरापर्यंत हात घातले, ओढलं, खरवडलं. बोळा हलेना. कुणाला हाक मारावी तर काय सांगून मारावी?

इकडे आळीत एकानं हिशोब जुळवला. "पाणी गेलं तेव्हापासून हे सुरू झालं." सुटलो म्हणून नाचलेलेच आता ओरडायला लागले, "पेंडकऱ्यांनी मुद्दाम अडवलं! आपल्याला मारायला!" खवटकाकांना धरून त्यांनी तळाच्या दाराशी आणलं.

"आमच्याकडून वाहतंय रे," काका म्हणत होते. "पुढे तुंबलंय, आमचीच घरं बुडालीत त्यात."

"मग अडवलं कुणी? नाव सांगा!"

गर्दीच्या मागे धसकट येऊन उभा होता. काकांना तो दिसला. पैज त्यांच्याच तोंडून निघाली होती. त्यांनी मान खाली घातली. कडबाआत्यानं त्यांचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं दार ढकललं. पलीकडून आंबट, जळजळीत वाफ आली.

"आत्या, थांब!"

धसकट गर्दी फाडत पुढे आला.

"काकांना सोड. पाट मी बुजवलाय. पैजेपायी. बोळा फुगलाय, एकट्याला निघत नाहीये. ढकलायचं तर मला ढकल, पण आधी सगळ्यांनी हात लावा."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. कोपरापासून बोटांपर्यंत ते त्याच पाण्यानं निथळत होते. तोच दर्प सगळ्या गर्दीत पसरला. कुणी मागे सरलं नाही.

आत्यानं काकांचा दंड सोडला. धसकटाचा निथळता हात तिनं ओंजळीत धरला, आणि सगळ्यांदेखत चाटला.