बाजूच्या दाराची उंची

“हे दार कुणी मोजलं?”

बस्त्याव मेस्त्रींचं बोट नकाशावर एकाच जागी थांबलं होतं.

जसिंता दचकली. वसईच्या गावांतली तेहेतीस जुनी चर्चं आणि घरं मोजून तिने त्यांचे नकाशे काढले होते. दोन वर्षं ती मेस्त्रींकडे चुन्याचं काम शिकत होती. आणि हे तर तिच्याच गावचं कपेल, छोटंसं प्रार्थनाघर, तीन वर्षांपूर्वी पाडलेलं. मेस्त्री ‘बरोबर’ म्हणाले की याच नकाशावरून ते पुन्हा उभं राहणार होतं.

“मोजलं नाही, काका. या बाजूचा फोटो कुणाकडेच नाही. पण मला पक्कं आठवतं. पाच फूट. वाकल्याशिवाय आत जाताच यायचं नाही.”

“अस्सं.”

मेस्त्री तिला कपेलाच्या जोत्यावर घेऊन गेले. भिंती नव्हत्या. बाजूच्या दाराचा उंबरा तेवढा गवतात राहिला होता.

“डोळे मिट. आत ये.”

ती चालत आली. उंबऱ्यापाशी मान आपोआप खाली गेली. ती तिथेच थांबली.

“बघा. अंगालाच ठाऊक आहे.”

“चाळीस वर्षं मी या दारातून चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन गेलो, बाय. कधी वाकलो नाही.”

“असं कसं? बाबा दर रविवारी वाकायचे. अजून दिसतंय मला. त्यांचे तेल लावलेले केस अगदी जवळ, मग दाराची वरची कड... म्हणायचे, जसू, डोकं सांभाळ.”

“केस कुठून दिसायचे तुला?”

“वरून...”

मेस्त्रींनी स्वतःच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला. “इथं बसायचीस तू.”

बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली होती. चेहरा पुसट झाला होता. उरलं होतं ते हे बुटकं दार.

“काका...” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “पाच फूटच राहू दे ना. कुणाला कळणार आहे?”

मेस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून तिच्या हातात दिली.

“सात लिही. मग चार पावलं मागे जा, आणि सरळ आत ये.”