उतार सुरू होण्याआधी

एकदा एक वृद्ध प्रशिक्षक आपला सायकल संघ घेऊन अनेक दिवस चालणाऱ्या एका मोठ्या शर्यतीत उतरले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्याजवळ पुष्कर नावाचा शिष्य होता. गुडघा दुखावल्यामुळे त्याचे स्वतःचे सायकल चालवणे अकालीच संपले होते. आता तो संघाची गाडी चालवी आणि संघ कसा सांभाळावा हे आबांकडून शिके. शिकण्याची ओढ त्याला होती, धीर मात्र नव्हता.

त्या दिवशी तर तो सकाळपासूनच अस्वस्थ होता. संघाचा सगळा खर्च पाण्याचे पंप बनवणारे एक कारखानदार उचलत. मुलांच्या जर्सीवर त्यांच्याच पंपाचे नाव होते, आणि करार वर्षअखेरीस संपणार होता. त्या दिवसाची शर्यत घाट चढून, पलीकडे उतरून, नेमकी या शेठजींच्याच गावात संपणार होती. बाजारपेठेत मंडप उभारला होता. शेठजी हौसेने संघाच्या गाडीत मागच्या आसनावर येऊन बसले होते.

"आबा, श्रेणिक पहिलाच यावा असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण गावात शिरताना तो पुढच्या घोळक्यात दिसला पाहिजे. माझी आई व्यासपीठावर बसणार आहे. एवढी वर्षं मी या खेळाचं काय घेऊन बसलोय, ते तिला एकदा बघू दे."

"बघू, शेठ," आबा म्हणाले. "घाटात काय होतंय ते बघू."

श्रेणिक हा संघातला सर्वांत चांगला सायकलपटू. शेठजींनी नाव काढून घेतले, तर त्याला दुसरा एखादा संघ घेईल. बाकीच्या मुलांचे काय, ही पुष्करला चिंता होती.

घाट लागला. पहिल्या काही वळणांपर्यंत श्रेणिक पुढच्या घोळक्यात होता. मग तो हळूहळू मागे सरकू लागला. आधी त्याच्यात आणि पुढच्या चाकात हातभर अंतर पडले, मग सायकलभर, मग घोळका वळणाआड गेला आणि रस्त्यावर तो एकटाच राहिला. त्याने हात वर करून पाणी मागितले.

पुष्करने गाडी त्याच्या बाजूला नेली. खिडकीशी आबा बसले होते. त्यांनी बाटली बाहेर धरली.

या खेळात एक नियम आहे. चालत्या गाडीतून खेळाडूला पाणी देता येते. पण त्याने बाटली धरली, की देणाऱ्याने ती तत्काळ सोडायची. दोघांनी धरून ठेवली तर गाडीच त्याला ओढू लागते. नियम सर्वांना ठाऊक असतो, आणि पंच जवळ नसले की क्षणभर तो विसरण्याची कलाही सर्वांना ठाऊक असते. तेव्हा पंचांची मोटारसायकल पुढच्या घोळक्याबरोबर निघून गेली होती. मागेपुढे कुणी नव्हते.

श्रेणिकची बोटे बाटलीवर घट्ट आवळली. त्याने आबांकडे पाहिले. त्या नजरेत काय मागणे होते, ते पुष्करला आरशातूनही कळले. त्याचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला गेला आणि गाडीने वेग घेतला.

त्याच क्षणी आबांनी बाटली सोडली.

श्रेणिकची सायकल डगमगली. कसाबसा तोल सावरून तो आणखी मागे पडला.

"अहो, काय केलंत हे?" शेठजी पुढे वाकून म्हणाले. "अजून एक द्या त्याला. वळणापर्यंत तरी धरा."

आबांनी खिडकीची काच वर केली. "पुष्कर, गाडी त्याच्या मागे घे," एवढेच ते बोलले.

गाडी श्रेणिकच्या मागून घाटमाथ्याकडे चढत राहिली. पुष्करच्या मनात कल्लोळ चालला होता. एवढा हट्ट कशासाठी? कोण बघत होते? त्याला वाटले, म्हातारपणी माणसाला माणसांपेक्षा नियम जवळचे वाटू लागतात की काय. आबा समोरच्या काचेतून श्रेणिकच्या पाठीकडे टक लावून बसले होते.

माथ्यावर पोहोचताच आबांनी गाडी श्रेणिकच्या पुढे घालायला लावली. ते खाली उतरले, रस्त्यात उभे राहिले आणि त्यांनी सायकलचे हँडल धरले.

"उतर, बाळा."

"आबा, आता उतारच आहे," श्रेणिक म्हणाला. "खाली गाव दिसतंय. मी जातो."

"उतर म्हणतो ना."

आबांनी स्वतःच्या हातांनी त्याच्या पाठीवरचा क्रमांक काढला. क्रमांक निघाला म्हणजे शर्यत संपली. श्रेणिक रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून रडू लागला. खालून, गावातून, ढोलांचा आवाज वर येत होता.

शेठजी गाडीतून उतरले. त्यांचा आवाज चढला नाही, पण चेहरा उतरला होता. "आबा, तिथं माझी आई वाट बघतीय," ते म्हणाले, आणि मागून येणाऱ्या आयोजकांच्या गाडीला हात करून निघून गेले.

पुष्करने श्रेणिकला उठवायला त्याचा दंड धरला आणि तो चपापला. अंग भाजत होते. ताप सकाळपासूनच होता. गोळी घेऊन, कुणाला न सांगता, श्रेणिक सायकलवर बसला होता. गावातल्या रुग्णालयात डॉक्टरांनी तपासून त्याला लगेच दाखल करून घेतले. या अवस्थेत तो आणखी थोडा वेळ ताणला गेला असता, तर भोवळ येऊन कुठेही कोसळला असता, असे ते म्हणाले.

संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात पुष्करने विचारले, "आबा, त्याला ताप आहे हे तुम्हांला ठाऊक होतं?"

"नाही," आबा म्हणाले. "ठाऊक असतं तर सकाळीच शर्यतीतून काढला असता. मला संशय आला तो बाटली सोडल्यावर. एरवी त्याच्या हातातून अशी बाटली सोडली असती, तर रागानं तो दोन पायडल जास्त मारून गाडीच्या पुढं गेला असता. आज त्याला सायकल धड सावरेना. मग माथ्यापर्यंत त्याच्या पाठीवर नजर ठेवली, तेव्हा खात्री पटली. पुष्कर, तू वेग वाढवलास, ते समजलं मला. तू वाईट हेतूनं केलं नाहीस. पण आपण त्याला माथ्यापर्यंत ओढून नेलं असतं, तर तो किती खचलाय हे मला दिसलं नसतं, तुला दिसलं नसतं, आणि त्यालाही कळलं नसतं. मग तो इंजिनाच्या जोरावर माथा गाठून, स्वतःच्या पायांच्या भरवशावर त्या उतारावर सुटला असता. नियम करणाऱ्यांनी काय विचार केला ते मी सांगू शकत नाही. मी तो पाळतो, कारण तो पाळला तरच माझा मुलगा मला जसा आहे तसा दिसतो."

पुष्करला उत्तर मिळाले होते, पण जिवाची तगमग थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी आईला घेऊन रुग्णालयात आले. म्हाताऱ्या बाईंनी श्रेणिकच्या कपाळाला हात लावून पाहिला. शेठजी दाराशीच उभे राहिले. कराराचा विषय त्यांनी काढला नाही, आबांनीही नाही. पुढे वर्षअखेरीस त्यांनी आपले नाव काढून घेतले. दुसरा प्रायोजक मिळेपर्यंत संघातली दोन मुले खेळ सोडून गेली, हेही सांगितले पाहिजे.

त्या सकाळी शेठजी आणि त्यांची आई निघून गेल्यावर पुष्कर खाटेजवळ बसला. मग म्हणाला, "श्रेणिक, काल घाटात गाडीचा वेग मी वाढवला होता."

"कळलं होतं मला," श्रेणिक म्हणाला. "फार बरं वाटलं होतं, दादा. तेवढा वेळ वाटलं, आपल्याला काहीच झालेलं नाही."

बरे वाटणे आणि बरे असणे यांतले अंतर माणसाला वेळेवर दिसावे, यासाठीच काही नियम असतात, हे पुष्करला आता कुणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.