खेमानानाचा हात

फार वर्षांपूर्वी, आपल्या हिवरदऱ्याला ना सडक होती ना शाळा, तेव्हाची ही गोष्ट. थंडी मात्र होती, आणि कसली! आत्ताच्या थंडीला मी थंडी म्हणत नाही. तेव्हा पौषात दव गोठायचं आणि गवत पायाखाली पापडासारखं मोडायचं, असं म्हणतात.

त्याच दिवसांत खाचरांत हरभरा उभा असायचा आणि डोंगरातली रानडुकरं उतरून तो तुडवून जायची. मग गावाची शिकार निघायची. तांबडं फुटायच्या आत पुरुष डोंगर चढायचे. काहीजण पलीकडून हाकारे घालत डुकरं उठवायचे आणि भालेकरी डुकरांच्या वाटेवर दबा धरून बसायचे. त्या बसायच्या जागेला नाका म्हणत. नाका घराण्याचा असे, बापाकडून मुलाकडे जाई. नियम एकच होता, पण कडक. हाकारा संपेपर्यंत नाका सोडायचा नाही. जो सोडील त्याचा भाला काढून घेत, तो पुन्हा मिळत नसे.

आणि दरसाल कुणीतरी नाक्यावर गारठून मरायचं. डोंगराला माणूस लागतो, असं लोक म्हणत. बोकड कापत, नवस बोलत, आणि पुढच्या पौषात घरात असतील नसतील तेवढे कपडे अंगावर चढवून पुन्हा डोंगर चढत.

खेमा बांबळे हा त्यातला सगळ्यात पट्टीचा भालेकरी. एका वर्षी त्याचा थोरला भाऊ देवजी नाक्यावर गारठून गेला. घरी आणून अंघोळ घालायला कपडे काढले, तर वरची घोंगडी खडखडीत कोरडी आणि आतली पैरण पिळून काढावी इतकी ओली. खेमा ती पैरण हातात धरून बसून राहिला. त्याला कळलं, भावाला डोंगरानं नेलं नव्हतं. चढताना आलेल्या घामानं नेलं होतं.

पुढच्या पौषात खेमा निघाला तो नुसत्या लंगोटीवर, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं घेऊन. सगळा गाव खदाखदा हसला.

"नाना, सासरी निघालास का रं?"

"हासा," खेमा म्हणाला. "चढताना अंग उघडं ठिवा, बसताना पांघरा."

वर पोचला की तो अंग कोरडं पुसायचा. मग जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा छातीला गुंडाळायचा, त्यावर पैरण, पैरणीवर जाड शिवलेली बंडी आणि सगळ्यावर घोंगडी. "एकावर एक घाला, पन ढिलं," तो सांगायचा. "मधी ऊब बसाया जागा नको?"

देवजीचा नाका त्या वर्षी त्याच्या मुलाकडे, राघूकडे आला होता. राघूची आई सावळाबाई खेमाला म्हणाली, "भावजी, मला येवढा एकच हाय. त्याला माघारी आना." खेमा म्हणाला, "आनतो." पण राघूला नुकती मिसरूड फुटलेली. चुलत्याला गाव हसतो याची त्याला भारी लाज वाटली. त्यानं सगळे कपडे घरूनच अंगावर घातले.

दोघांचे नाके एका घळीच्या दोन अंगांना होते. हाकारा सुरू झाला. डुकरांचा अख्खा कळप खेमाच्या रोखानं येऊ लागला. त्या साली कळपानं निम्मा हरभरा फस्त केला होता, गाव खेमाच्या भाल्यावर विसंबून होता. तेवढ्यात खेमाला पलीकडे राघूच्या हातातून भाला गळताना दिसला. राघूनं तो उचलला नाही.

खेमानं आपला भाला जमिनीत रोवला आणि तो धावला.

राघूच्या बंडीत हात घातला तर पाठ ओलीचिंब. खेमानं त्याला उघडा केला, पुसला आणि आपल्या अंगावरचं एकेक काढून त्याला चढवलं. आधी लुगड्याचा तुकडा, मग पैरण, मग बंडी, मग घोंगडी. स्वतः लंगोटीवर राहिला आणि पोराला कवेत घेऊन बसला. मोकळ्या नाक्यातून कळप त्यांच्यावर आला. असं म्हणतात, खेमाच्या उघड्या अंगातून तेव्हा वाफा निघत होत्या आणि भोवतालचं गोठलेलं दव वितळून वाहत होतं. पुढचा दांडगा डुक्कर थांबला, त्यानं ती वाफ हुंगली आणि कळप घेऊन निमूट रानात वळला.

राघू जगला. पण संध्याकाळी पंच बसले.

"खेमा, नाका सोडलास?"

"सोडला."

बायकांनी पंचांपुढे बोलायची तेव्हा रीत नव्हती. सावळाबाई तरी उठली. "भाला काढायचा तर काढा. पन आदी माज्या पोराच्या पाठीवर हात ठिवून बघा. गरम हाय."

म्हाताऱ्या पंचानं हात ठेवला. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. पण नियम तो नियम, भाला काढून घेतलाच. ते मला अजूनही पटत नाही.

खेमानं पुन्हा शिकार केली नाही. मात्र दर पौषात तो सगळ्यांच्या आधी खिंडीत जाऊन उभा राहायचा आणि वर येणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर हात फिरवायचा. पाठ ओली लागली की कोरडं घातल्याशिवाय पुढे सोडायचा नाही. डोंगरानं माणसं मागणं बंद केलं. खेमा गेला त्या वर्षीही खिंडीत प्रत्येकाला पाठीवर हात जाणवला, वळून पाहिलं तर कुणी नव्हतं, असं म्हणतात.

आता शिकार बंद झाली, आणि ते बरंच झालं. पण आपल्याकडे अजून कुणीही डोंगर चढून आलं, पोस्टमन असो की जावई, तर आधी पाणी देत नाहीत. आधी पाठ बघतात. ओली असली तर कोरडा कपडा देतात. त्याला नानाचा हात म्हणतात. मी गुरं वळून यायचो तेव्हा माझी आई दारातच बघायची. तिचा हात खरखरीत होता. ती गेल्यापासून माझी पाठ बघणारं कुणी नाही, आणि थंडीत ते फार आठवतं.

असो. तुम्ही सगळे धावत चढ चढून आलात ना? या असे पुढे. बघू पाठ.