मालकाचा कट्टा

पाहुणे, जरा जपून या, फरशी निसरडी आहे. बॉयलरसमोर हा दगडी कट्टा दिसतो ना, त्याला आम्ही मालकाचा कट्टा म्हणतो. आमच्या पाथरटेकच्या प्रत्येक कारखान्यात असा एक आहे. नवा बॉयलर पहिल्यांदा पेटतो तेव्हा सगळे कामगार कुंपणाबाहेर थांबतात. आत एकटा मालक. भट्टीत लाकूड त्यानेच घालायचं आणि वाफ चढून, जादा वाफ बाहेर सोडणारी झडप आपोआप उघडेपर्यंत इथून हलायचं नाही.

मी इथला जुना फिटर. ही हकीकत मला वडिलांनी सांगितली, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

तवनाप्पा मगदूम या गावात आला तो भट्टीवर फावडं मारायला. पायात चप्पलही नव्हती, म्हणे. पंधरा वर्षं धग सोसली, मग दोन मागांवर सुरुवात करून त्याने हा कापडाचा कारखाना उभा केला. सगळे त्याला आण्णा म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण कारखाना वाढला तसं त्याचं भट्टीकडे येणं थांबलं, असं सांगतात.

त्याचा बॉयलरवाला नूरमहंमद. दोघांनी एकेकाळी एकाच भट्टीवर काम केलेलं. एका सकाळी नूर ऑफिसात आला.

"आण्णा, झडप अडकतीय. दोन दिवस बॉयलर बंद ठेवू या."

दिवाळीचा माल निघायचा होता. आण्णा म्हणाला, "सण होऊ दे. तू हायस तोवर मला घोर न्हाई."

तिसऱ्या दिवशी दुपारी वाफेच्या दाबाचा काटा धोक्याच्या तांबड्या रेघेच्या पलीकडे गेला. झडप उघडेना. आत दोनशे माणसं होती. नूरने त्यांना ओरडून बाहेर काढलं आणि स्वतः वर चढून हाताने झडप उचलली. सगळी वाफ त्याच्या अंगावर आली.

भाजलेल्या माणसाला ठेवून घेणारा दवाखाना चाळीस मैलांवर. आण्णाने त्याला मोटारीत मांडीवर घेतलं. वाटेतल्या दोन दवाखान्यांनी हात जोडले. नदीवर पूल नव्हता. नावेची वाट बघताना नूर म्हणाला, "आण्णा, काटा चढताना पोटात कसं हुतं, इसरलास न्हवं?"

नाव काठाला लागायच्या आत तो गेला.

आण्णाने कारखाना बंद ठेवला आणि नूरच्या बायकोकडे, जैनबीकडे गेला. "काय करू, सांग," म्हणाला.

ती रडली नाही, म्हणे. "माझा भाऊ उद्या तुमच्याच भट्टीवर यील. दुसरं काम हाय कुठं? तवा तुम्ही कुठं असनार, तेवढं सांगा."

आण्णाने त्याच दिवशी नवा बॉयलर मागवला.

तो आला. पेटवायच्या दिवशी आण्णाने सगळ्यांना बाहेर काढलं, आत एक दगड ठेवला आणि स्वतः त्यावर बसला. बाहेर गाव जमलं होतं. काटा चढत चढत तांबड्या रेघेला टेकला. झडप गप्प. आण्णाची बायको हाका मारू लागली. जैनबी कुंपण ओलांडून दाराशी धावली.

"आण्णा, बाहेर या! मला मिळालं उत्तर."

"मागं हो, जैनबी. ही उघडली न्हाई तर तुझ्या भावाला आत ये म्हनाय मला तोंड न्हाई."

काटा रेघेवर थरथरत राहिला. किती वेळ, ते प्रत्येक जण वेगळं सांगतो. मग झडप उघडली आणि तिचा आवाज टेकडीपर्यंत गेला. जैनबीच्या भावाने त्याला धरून बाहेर आणलं.

त्याच वर्षी आण्णाने आपलं राहतं घर रिकामं करून तिथे भाजलेल्यांचा दवाखाना काढला, कारखाना त्या दवाखान्याच्या नावावर केला आणि शेवटपर्यंत गिरणीमागच्या दोन खोल्यांत राहिला. दवाखान्याच्या दाराला त्याने कडी लावू दिली नाही.

आजही त्या दाराला कडी नाही. आणि आजही नवा बॉयलर पेटला की गावाचा जीव टांगणीला लागतो. गेल्या महिन्यात इथे बसली ती सव्वीस वर्षांची पोर, दवाखान्याच्या वतीने कारखाना चालवायला वडिलांच्या जागी नुकतीच आलेली. तिची आई कुंपणाला धरून उभी. झडप उघडली, आम्ही टाळ्या वाजवल्या. पोर बाहेर आली, ओठ पांढरे पडलेले. कुणाकडे न बघता ती थेट बॉयलरवाल्यापाशी गेली आणि म्हणाली, "काका, कधी शंका आली तर तुम्हीच बंद करा. मला विचारायला येऊ नका."