साळिंदराची पळसपाने

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे आणि त्याला याद्या करण्याचा भारी नाद होता. तिथे दर उन्हाळ्यात वणवा पेटे. धूर दिसला की गवा प्राण्यांना पाठीवर घेऊन नदीपार सोडी. पण आधी कोणाला न्यायचे यावरून अशी हमरीतुमरी होई की निम्मा वेळ त्यातच जाई. म्हणून साळिंदराने सगळ्यांचे वर्ग पाडले आणि आपल्या गळलेल्या काट्याने एकेका वर्गाचे गुण पळसाच्या पानावर कोरले. 'कासव : सावकाश चालते. न्यावे.' 'पक्षी : चोच, पंख, उडतो. नेऊ नये.' स्वतःचे पानही त्याने प्रामाणिकपणे कोरले. 'साळिंदर : टोचणारे काटे. पाठीवर घेऊ नये. पोहून जावे.' आपल्या या कामावर ते इतके खूश होते की भेटेल त्याला पाने वाचून दाखवी.

त्या वर्षी भर दुपारी वणवा पेटला. साळिंदर काठावर पाने वाचू लागले आणि कामही कसे भराभर चालले. तेवढ्यात टिटवी आली. तिच्यामागून तीन पिल्ले तुरुतुरु धावत होती. ती परवाच अंड्यातून बाहेर आली आहेत, त्यांना उडता येत नाही, असे तिने काकुळतीने सांगितले. साळिंदराने पान पुढे केले. पिल्लांना चोच होती, इवलेसे पंखही होते, म्हणजे ती पक्षीच. आज यांना नेले तर उद्या मोरही पाठीवर बसायला येईल, असे म्हणून त्याने टिटवीला बाजूला केले.

मग साळिंदराची बायको, साळिंदरीण, आली. तिच्या पायाशी त्या दोघांचे काल जन्मलेले पिल्लू होते. गवा दोन पावले मागे सरला.

"तुमच्याच पानावर लिहिलंय, पाठीवर घेऊ नये," तो म्हणाला.

साळिंदर पुढे धावले. धूर आता काठापर्यंत पोचला होता.

"अहो, कालचं पोर आहे ते. त्याचे काटे अजून केसांसारखे मऊ आहेत, आणि पोहायचं कसं ते त्याला काय ठाऊक?" असे ते बोलून गेले आणि त्याची नजर टिटवीकडे गेली. टिटवी तिन्ही पिल्लांना पंखाखाली घेऊन उभी होती. साळिंदराला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने घाईघाईने पक्ष्यांच्या पानावरचे 'उडतो' आणि 'नेऊ नये' खरवडले, आपल्या पानावरही 'काटे' एवढेच ठेवून बाकी सारे खरवडले, आणि ते म्हणाले, "चोच नि पंख सगळ्याच पक्ष्यांना असतात. उडता येतं का, काटे टोचतात का, ते ज्याचं त्याला विचारू या. घ्या चौघांनाही."

गवा पाण्यात उतरला. साळिंदर आणि साळिंदरीण मागून पोहत निघाली आणि वर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली. पलीकडच्या वाळूवर चारही पिल्ले सुखरूप उतरली, तेव्हा साळिंदराचा जीव भांड्यात पडला. टिटवीची पिल्ले त्याच्या पिल्लाच्या मऊ काट्यांना टेकून झोपून गेली होती आणि त्यांना उठवायला कोणीच तयार नव्हते.

तात्पर्य : वर्गाच्या नावावर तेवढेच गुण लिहावेत, जे त्यातल्या लहानथोर सर्वांना लागू पडतात, बाकीचे ज्याचे त्याला विचारावे.