बटण नसलेला दूधराखा

"मग हे दूध उतू कधी जायचं?" नानाबुवांनी विचारलं.

"जाणारच नाही, बुवा," धनंजय अभिमानानं म्हणाला. "तीच तर गंमत आहे."

आणि मग आपण काय बोलून बसलो, ते त्याच्या लक्षात आलं.

मठाच्या अंगणात, चुलीभोवती आम्ही चौघं होतो. नानाबुवा ऐंशीच्या पुढचे, डाव्या कानात ऐकायचं यंत्र. त्यांचा जुना शिष्य धनंजय, म्हणजे माझा नवरा. त्याची सोनाआत्या. आणि मी, लग्नाला सव्वा महिना झालेली.

टेकडीवरच्या या मठाची रीत साधी आहे. लग्न झालं की जोडप्यानं इथं यायचं. अंगणातल्या चुलीवर दूध ठेवायचं आणि ते उतू जाऊ द्यायचं. एकदा पातेलं चुलीवर चढलं की कुणी त्याला हात लावायचा नाही. दूध राखेत सांडलं की घरातल्या मोठ्या बाईनं "भरलं घर" म्हणायचं. तिथून पुढं सून घरची.

आणि नाहीच सांडलं तर…

माझ्या चुलतसासूबाईंच्या वेळी लाकडं ओली निघाली. दूध तापलंच नाही. त्याला एकवीस वर्षं झाली. त्यांची दोन मुलं कॉलेजात आहेत. पण घरात कुणाचीही ओटी भरायची वेळ आली की मंदाकाकू आपणहून स्वयंपाकघरात जातात, आणि त्यांना कुणी थांबवत नाही.

आज लाकडं कोरडी होती. धूर नव्हता. दूध छान तापलं होतं.

फक्त पातेल्याच्या काठाला धनंजयचा दूधराखा बसला होता.

काडेपेटीएवढी पांढरी डबी. तिच्यातून खाली दोन तारा. वर चिमुकला पंखा. दूध चढून तारांना टेकलं की पंखा भर्रकन फिरतो, फेस बसतो, दूध खाली जातं. पुन्हा चढलं, पुन्हा पंखा.

धनंजयनं ते बुवांना दाखवायला आणलं होतं. पातेलं चुलीवर चढायच्या आधी, कौतुकाच्या भरात, "हे बघा बुवा" म्हणत त्यानं ते काठाला चिमट्यानं अडकवलं. मी बघत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण नवी सून नवऱ्याला त्याच्या गुरूसमोर काय सांगणार? आणि मला वाटलं, असेल त्याच्या लक्षात.

त्याच्या कधीच काही लक्षात नसतं. म्हणून तर तो यंत्रं करतो.

आमच्या घरात लसूण सोलायची नळी आहे. हरवला की शिट्टी वाजवणारा चष्मा आहे. दार लावलं की दिवा लागतो, आणि दिवा लागला की दार उघडत नाही, अशीही एक सोय आहे. धनंजयचा छोटा कारखाना याच वस्तूंवर चालतो. लोक हसतात आणि घेतात.

दूधराखा मात्र त्यानं विकायला केला नव्हता. माझ्यासाठी केला होता. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या हातून तीनदा दूध उतू गेलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त ओटा पुसला, आणि तो मोठ्यानं पुसला. पुढचे दोन रविवार धनंजय कारखान्यातच होता.

म्हणजे घरी दूध उतू गेलं तर मी वेंधळी. इथं नाही गेलं तर अपशकुनी.

"काढ की ते," सोनाआत्या म्हणाली.

"कसं काढू? पातेल्याला हात लावायचा नाही ना, आत्ती."

"मग बंद कर."



"बंद कसं करायचं?" बुवांनी विचारलं.

"बंद… बंद होत नाही, बुवा."

"बटण?"

"बटण ठेवलंच नाही." एवढ्या अडचणीतही त्याचा आवाज जरा चढला. "बटण आलं की विसरणं आलं. माणूस विसरतो, बुवा. यंत्र विसरत नाही. बावीस दिवस झाले, आमच्या घरी दूध एकदाही उतू गेलं नाही. तारखा आहेत माझ्याकडं."

"बावीस दिवस…"

"एकदाही नाही."

मी चुलीतल्या लाकडाकडं बघत राहिले.

"जाळ वाढवा," आत्या म्हणाली. "यंत्र किती फुंकतंय ते बघू."

धनंजयनं दोन लाकडं सारली. जाळ उठला. दूध जोरात चढलं. पंख्याचा आवाजही चढला. दूध काठापर्यंत आलं, थरथरलं आणि मुकाट्यानं खाली गेलं.

"जोराप्रमाणं वेग वाढतो त्याचा," धनंजय हळूच म्हणाला. एरवी हे सांगताना तो छाती काढतो.

"आतला सेल कधी संपतो?" बुवांनी विचारलं.

"तीन महिन्यांनी."

बुवांनी मान डोलावली. जणू तीन महिने बसायची त्यांची तयारी होती.

मग सोनाआत्या सुरू झाली. लग्नात मंडपातली वीज गेली होती, तेव्हाच तिला कळलं होतं. माप ओलांडताना तांदूळ डावीकडं सांडले होते, तेही तिनं बघितलं होतं. ती काही बोलली नव्हती. ती कधीच काही बोलत नाही. पण आता हे तिसरं. आता गावात जाऊन ती काय सांगणार? उतू घालवायचं दूध पंख्यानं बसवलं म्हणून सांगायचं?

"आत्ती, हिचा काय दोष?"

"दोष कोण म्हणतंय? मी पायगुण म्हणतेय."

नानाबुवांनी शांतपणे हात कानामागं नेला. अंगठ्यानं काहीतरी दाबलं. मग हात मांडीवर ठेवून ते दुधाकडं बघत राहिले. चेहऱ्यावर ऊन पडल्यासारखं सुख.

आत्या बोलतच होती. बुवा अधूनमधून मान हलवत होते, पण भलत्याच ठिकाणी.

माझ्या ते लक्षात आलं. मला हसू आलं, आणि हसणं ही आत्ता अजिबात परवडणारी गोष्ट नव्हती, म्हणून मी पदर तोंडाशी धरला. आत्याला वाटलं, मी रडतेय. ती थांबली.

बुवांनी कानामागचं बटण पुन्हा दाबलं.

"हं," ते म्हणाले. "तर मग उघडून सेल काढ."

"पेचानं बंद आहे, बुवा. वाफ शिरू नये म्हणून. पेचकस कारखान्यात राहिला."

"अरेरे."

दूध चढलं. पंखा फिरला. दूध उतरलं. पातेल्याच्या आतल्या बाजूला सायीची एक रेघ उरली. तेवढं आटलं होतं. असंच आटत राहिलं तर थोड्या वेळानं ते काठाशी पोचणारही नाही. मग कुणाला काही करायचं उरणार नव्हतं. मंदाकाकूंच्या शेजारी स्वयंपाकघरात आणखी एक पाट.

माझा हात केसांकडं गेला. अंबाड्यातला आकडा बोटांना लागला.

मी हात खाली घेतला.

धनंजयच्या कपाळावर घाम होता. त्यानं ते यंत्र दोन रविवार बसून माझ्यासाठी केलं होतं. डबीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं माझं नाव लिहिलंय. ते त्याला आणि मलाच माहीत आहे. मला माहीत आहे, हे त्याला माहीत नाही.

हात पुन्हा वर गेला. पुन्हा खाली आला.

"पोरी," बुवा म्हणाले.

मी वर बघितलं.

"दोनदा झालं. काय आहे तिथं?"

"आकडा आहे, बुवा."

"त्यानं काय होतं?"

आत्या बघत होती. धनंजय बघत होता. पंखा फिरत होता.

"पेच निघतो," मी म्हणाले.

"कसं माहीत?"

बुवांना घाई नव्हती. दूध एकदा चढलं, उतरलं. दुसऱ्यांदा चढलं…

"मी रोज काढते," मी म्हणाले.

"काय काढतेस?" धनंजय म्हणाला.

"सेल. सकाळी दूध ठेवायच्या आधी काढते. तुम्ही आंघोळीला गेलात की. तापलं की परत घालते."

"रोज?"

"रोज."

"बावीस दिवस?"

"एकवीस. पहिल्या दिवशी चालवलं होतं."

सोनाआत्यानं तोंडावर हात ठेवला. धनंजय खाली बघायला लागला. त्याच्या खिशातल्या तारखा मला दिसत होत्या जणू. मला वाटलं, दूध उतू गेलं नसतं तरी चाललं असतं, पण हे सांगायला नको होतं.

"का काढतेस?" बुवांनी विचारलं.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"तो पंखा सुरू असला की दुधाचा आवाज येत नाही."

"दुधाला आवाज असतो?"

"असतो. आधी कुजबुजतं. मग बारीक खळखळतं. मग एकदम गप्प होतं. गप्प झालं की धावायचं."

बुवा माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं, त्याचा आवाज वाढवला, आणि गुडघ्यांवर हात टेकत चुलीजवळ सरकले.

"ऐकव," ते म्हणाले.

"बुवा, हात लावायचा नाही," आत्या म्हणाली. "रीत आहे."

"पातेल्याला लावायचा नाही, आक्का. ते पातेलं नव्हे."

मी आकडा काढला. केस पाठीवर सुटले. पदर बोटांना गुंडाळून डबी धरली. दोन वेढ्यांत पेच निघाला. एकवीस दिवसांची सवय. झाकण उघडलं, सेल हातात आला, गरम होता. पंखा दोनदा अडखळला आणि थांबला.

किती शांत झालं अंगण.

लाकूड तडकलं. दूध कुजबुजत होतं, पंख्याखाली मघापासून कुजबुजतच असणार. बुवांनी कान पातेल्याकडं केला. वाफेनं त्यांची दाढी ओली झाली. धनंजयही पुढं वाकला. शेवटी आत्याही वाकली, कंबरेवर हात ठेवून.

बारीक खळखळ.

मग ते गप्प झालं.

"आता," मी म्हणाले. आणि सवयीनं उठायला लागले, धावायला. बुवांनी नुसता तळहात दाखवला. मी बसले.

दूध वर आलं. घुमटासारखं फुगलं. तारांना टेकलं, त्यांच्यावरून गेलं, डबी भिजवत काठाबाहेर आलं आणि चुलीत सांडलं. राखेतून फस्स आवाज आला. करपल्या दुधाचा वास आला. सव्वा महिन्यापूर्वी याच वासानं मला रडू आलं होतं.

आत्या बराच वेळ राखेकडं बघत होती. मग तिनं पदर डोक्यावर सारखा केला.

"भरलं घर," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "केस बांध आता. वारं सुटलंय."

मी केस बांधले. आकडा दोनदा निसटला. इतकं हलकं मला लग्नातले दागिने उतरवतानाही वाटलं नव्हतं.

बुवांनी पातेलं उतरवायला सांगितलं. आटलेलं दूध त्यांनीच पळीनं चार वाट्यांत ओतलं. दाट झालं होतं.

"साखर घातलीय का?" आत्यानं विचारलं.

"नाही," बुवा म्हणाले.

"गोड लागतंय."

धनंजयची वाटी तशीच होती. त्यानं भिजलेला दूधराखा मांडीवर घेतला होता. झाकण उघडंच होतं. आतलं नाव त्यानं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी दूध प्यायले.

"म्हणजे तुला…" तो म्हणाला.

"पहिल्यांदा उघडलं तेव्हाच दिसलं."

त्याचे कान लाल झाले. रागावला असेल असं मला वाटत होतं, पण रागानं त्याचे कान लाल होत नाहीत.

थोड्या वेळानं तो बुवांकडं वळला.

"बुवा, एकवीस दिवस ते बंदच होतं. दूध हिनं राखलं. मग मी काय केलं?"

बुवा वाटीतली साय बोटानं गोळा करत होते. ती त्यांनी सावकाश खाल्ली. बोट पुसलं. मग तो हात कानामागं नेला, आणि मला वाटलं, आता ते पुन्हा बंद करणार…

पण त्यांनी नुसतंच चाचपून बघितलं.

"बटण बसव त्याला," ते म्हणाले. "आणि हिच्या हाताला येईल असं बसव."