दोर धरणाऱ्याची भीती

करर्र... करर्र... आणि मग एकदम काहीच नाही.

फार जुन्या काळी, डोंगरातल्या एका वाडीत, एका पोराने हा आवाज ऐकला होता. त्याचा मामा मध काढायला कड्यावरून खाली उतरला होता. दोर करकरला, तुटला, आणि मामा पुन्हा घरी आला नाही. पोरगा मोठा झाला, त्याला मिशा फुटल्या. पण तो आवाज काही त्याच्या कानातून गेला नाही.

त्या वाडीची एक रीत होती. मध काढणारा कड्यावरून उतरला, की वर दोर धरायचा तो त्याच्या बायकोच्या भावाने. बहिणीच्या कुंकवासाठी भाऊ दोर सोडणार नाही, एवढाच त्यामागचा विचार.

तसा हा आपल्या दाजींचा दोर धरू लागला. पण दोर जरा करकरला की याची छाती धडधडायची आणि हात आपोआप दोर ओढायला लागायचे. दाजी अर्ध्या पोळ्यावरून वर यायचे. केसांत माश्या, टोपलीत काही नाही.

"अरे, खाली माश्या मला घाबरतात आणि वर तू दोराला घाबरतोस!" दाजी ओरडायचे. "तुझ्या बहिणीने चुलीवर शिजवायचं काय? तुझी भीती?"

शेवटी एका वर्षी दाजींनी रीत मोडली. खालच्या गावातून एक धिप्पाड गडी आणला.

"मी याचा कोणी लागत नाही," दाजी म्हणाले, "म्हणून याचे हात थरथरणार नाहीत. तू बस बाजूला."

मेव्हणा बाजूला बसला. बहिणीने सोबत पाठवलं होतं, म्हणून घरी गेला नाही.

दाजी उतरले. मधाची टोपली वेगळ्या दोराने वरच्या झाडाला बांधून त्यांच्या शेजारी खाली सोडली होती. थोड्या वेळाने दोर करकरला.

"ऐकलंस का?" मेव्हण्याने विचारलं.

"दोर वाजतोच," गडी म्हणाला. त्याला भीती वाटली नाही, म्हणून त्याने मान वळवून पाहिलंही नाही.

मेव्हण्याची छाती धडधडू लागली. हात उठले, पण आज हातात दोरच नव्हता. ओढायला काही नाही, तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा भीतीला विचारलं, बाई गं, तू बघतेस तरी काय?

आणि त्याने पाहिलं. कड्याच्या काठावर दोराखाली घातलेलं घोंगडं सरकलं होतं. दोर उघड्या दगडावर घासत होता आणि त्याचे पीळ एकेक करून सुटत होते. आता कोणी हिसका दिला असता, तर दोर तिथेच तुटला असता.

"ओढू नकोस! ढीलही देऊ नकोस! नुसता धरून राहा!" तो गड्याला म्हणाला. मग काठावर पालथा पडून त्याने खाली हाक मारली, "दाजी, टोपली सोडा! तिचा दोर कमरेला बांधा!"

"पुन्हा घाबरलास काय रे?"

"घाबरलोय दाजी. पण आज बघून घाबरलोय."

मग मधाने भरलेली टोपली दरीत गेल्याचा आवाज आला.

टोपलीचा दोर बारीक होता, पण नवा होता. दोघांनी मिळून तो हळूहळू वर घेतला. दाजी काठावर आले, गड्याने जुना दोर ओढला आणि तो दगडापाशी तुटला. करर्र झालं, आणि मग काहीच नाही. पण या वेळी माणूस वर होता.

दाजींनी तुटलेलं टोक उचलून पाहिलं. कमरेचा दोर सोडला, त्याची नीट गुंडाळी केली आणि मेव्हण्याच्या हातात दिली. मग ते वाडीच्या वाटेला लागले.

भीतीच्या हाती दोर देऊ नये आणि तिला घराबाहेरही काढू नये; ती काय दाखवते ते आधी पाहावं, मग हात हलवावा.